बिनकाट्याचं स्वातंत्र्य

३ जुलै, दुपार

आज मी स्वतंत्र झालो. तारीख लिहून ठेवतो, पुढे लागेल.

संतोषपूर, दुसरा मजला. एक खोली, स्वयंपाकघर, आणि बाल्कनी या नावाखाली दिलेला एक कठडा. आमच्या बागबाजारच्या घरात माणसं भरमसाट आणि आरसा एक. इथे माणूस एक, आरसा एक. यालाच क्रांती म्हणतात.

निघताना घरच्यांसमोर चार शब्द बोललो. एकत्र कुटुंब हा गुलाम तयार करण्याचा कारखाना आहे, तिथे सदतीस वर्षांचा प्राध्यापकही मूलच राहतो, माणसाला माणूस व्हायचं असेल तर उंबरठा ओलांडावाच लागतो. दादा पेपर वाचत राहिला. आई माझ्या बॅगेत मच्छरदाणी कोंबत होती. दादाची बायको, माझी बौदी, तेवढी मन लावून ऐकत होती. मी तिचा दीर, म्हणजे ठाकुरपो. म्हणाली, "जा ठाकुरपो, खुशाल जा. पण तिकडे टाळ्या कोण वाजवणार?"

अशा वातावरणात माझी इतकी वर्षं गेली.

३ जुलै, संध्याकाळ

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं कारण लिहितो. केतकी गुहठाकुरता. आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आईवडील लहानपणीच गेले, हॉस्टेलांत वाढली, नोकरी लागल्यापासून एकटी राहते. एप्रिलमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं. स्टाफरूममध्ये, बरंच सविस्तर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रियतोष, मला नवरा हवाय, दत्तक मुलगा नकोय. एक पावसाळा एकटा राहून दाखव. स्वतःचं स्वतः करून खा. मग दुर्गापूजेच्या आधी मला जेवायला बोलाव आणि स्वतःच्या हातचा इलिश मासा वाढ. त्यानंतर बोलू."

तिचं घराणं मूळचं बारिसालचं. तिथे माणसाची पारख इलिशवर होते.

अडचण एकच, तीही किरकोळ. मला माशाचे काटे काढता येत नाहीत. आई काढून देते. माझ्या ताटाशी बसते, बोटांनी तुकडा उलगडते, काटे कडेला, मासा माझ्या भातावर. मी त्या वेळी जगाच्या राजकारणावर बोलत असतो. ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नाही. बंगाली पुरुषाबद्दल याहून वाईट काही माहीत होऊ शकत नाही. खून वगैरे लोक विसरतात.

पावसाळाभर वेळ आहे. शिकेन.

४ जुलै

झोप नाही. मच्छरदाणीला चार कोपरे असतात आणि खोलीत खिळा एक. दुसरा कोपरा खिडकीच्या गजाला बांधला, तिसरा कपाटाच्या कडीला, चौथा फ्रिजच्या हँडलला. पहाटे पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि सगळा डोलारा अंगावर. डास आत, मीही आत. भाषणात वापरता येईल.

९ जुलै

किळस. दुसरा शब्द नाही.

आधीच्या भाडेकरूनं मोरीच्या जाळीखाली केस ठेवून दिलेत. काठीनं ओढत गेलो, संपेचनात. एवढे केस एका माणसाचे नसतात. सगळ्या भाडेकरूंची ती सामायिक इस्टेट असावी. सिंकमधल्या भांड्यांवर जे उगवलंय ते केतकीच्या विषयात मोडतं. पंचा वाळत नाही, त्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो, आणि त्यानंच तोंड पुसावं लागतं.

जिन्यात तळमजल्यावरच्या काकिमा, आडनाव पाकडाशी, भेटल्या, नाकाला पदर लावून. वास कसला, म्हणाल्या. मी त्यांना सामुदायिक आरोग्याची जबाबदारी कुणाची, हे समजावून सांगितलं. बिल्डिंगची समिती झोपली आहे काय, असा थेट सवाल केला. त्या म्हणाल्या, समिती म्हणजे मीच.

संकल्प: उद्यापासून जेवण झालं की लगेच भांडी घासायची.

१० जुलै

आज जेवलोच नाही. संकल्प अबाधित.

१८ जुलै

भात म्हणजे खाली कोळसा, मधे चिखल, वर कच्चे तांदूळ. वर्गव्यवस्थेचं इतकं स्पष्ट चित्र मी कुठल्याही ग्रंथात पाहिलेलं नाही. दोन घास खाल्ले, शिसारी आली. मुरमुरे खाल्ले. सकाळीही मुरमुरेच होते.

दुपारी कॉलेजात स्वावलंबनावर बोललो. सभागृह हादरलं. ज्याला स्वतःचं ताट धुता येत नाही त्याला देशाबद्दल बोलायचा अधिकार नाही, या वाक्यावर पोरं बाकावर उभी राहिली. केतकी मागच्या रांगेत होती. बाहेर पडताना माझी कॉलर जवळून पाहिली आणि म्हणाली, ही बुरशी जपून ठेव, हिच्यावर पेपर होईल.

शर्टाकडे तिचं लक्ष गेलं, ही सुरुवात चांगली आहे.

२५ जुलै

दादा आला, ऑफिसातून परस्पर. हातात आईचा डबा. मी तत्त्वाचा प्रश्न मांडला: अट 'स्वतःचं स्वतः' अशी आहे, डबा हा त्या अटीचा भंग. दादा म्हणाला, बरं, मग परत नेतो. मी म्हटलं, ठेव, तुलनेसाठी नमुना लागतो.

नमुना संपूर्ण तपासला. मासा होता. एकही काटा नव्हता.

दादा जाता जाता म्हणाला, घरी आता कुणाचे काटे काढायचे नसतात, तर आई जेवताना आमच्या ताटांकडे बघत बसते, बौदीनं स्वतःचं ताट तिच्यापासून लांब मांडायला सुरुवात केली आहे. मी त्याला म्हटलं, गुलामगिरीची सवय मालकाला लागते तशी गुलामालाही लागते. यात मालक कोण आणि गुलाम कोण, असं त्यानं विचारलं. दादाला मुद्दा कधीच कळत नाही.

३ ऑगस्ट

मासळी बाजार. पायाखाली जे होतं त्याला पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान आहे. चष्म्यावर खवले उडाले, मानेवर काहीतरी ओलं पडलं, काय ते पाहिलं नाही. इलिश घेतला. विकणारा विचारत होता, तुकडे कसे, डोक्याचं काय, अंडी वेगळी बांधू का. मी ठाम आवाजात "मध्यम" असं सांगितलं. सगळ्याच प्रश्नांना. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. आवाजाचा प्रभाव.

घरी आल्यावर मासा भांड्यांच्या लिक्विडनं घासून घासून धुतला. स्वच्छतेच्या बाबतीत माझी तडजोड नसते. तळताना लिंबाचा वास सुटला. लिंबू मी घातलं नव्हतं. मग फेस आला.

काटे काढायचा सराव पुढे ढकलावा लागला.

५ ऑगस्ट

आज सराव केला. पहिल्याच घासाला काटा घशात.

तळमजल्यावर धावलो. काकिमांचं दार वाजवलं, पण बोलता येईना. मला. त्यांनी मात्र तोंड उघडायला लावून लगेच ओळखलं. कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला, मग केळं, मग आणखी एक केळं. काटा तिथेच. तेव्हा त्यांनी आपलं मांजर उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आता लाजू नका, प्रोफेसर. पाय धरा तिचे."

काटा अडकला की मांजराच्या पाया पडायचं, हा आमच्याकडचा रानटी समज मी पुस्तिका लिहून खोडून काढलेला आहे. हे मी खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. पुस्तिका खुणांनी सांगता येत नाही. काकिमांना वाटलं, मी घाबरतोय. त्यांनी माझी मान धरून खाली वाकवली. मांजराचे पंजे ओले होते, कशानं ते विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या नमस्काराला तिनं माझ्या नाकावर ओरखडा काढला, मी किंचाळलो आणि काटा सुटला.

नोंद: काटा किंचाळण्यानं सुटला. मांजराचा संबंध नाही.

काकिमांनी आईचा फोन नंबर मागून घेतला. जवळ असावा म्हणून.

१९ ऑगस्ट

आई हल्ली रोज फोनवर बरोबर तेच विचारते जे मी तिला सांगितलेलं नसतं. खिडकी उघडी ठेवून झोपतोस का, मुरमुरे किती दिवस खाणार. आईचं मन, दुसरं काय. काकिमाही अलीकडे जिन्यात थांबून माझ्या पिशवीत डोकावतात. एकाकी बाई आहे.

सराव: आज नाही. घसा अजून हुळहुळतो. खरं तर काटे काढणं ही कृती मला तत्त्वतःच अश्लील वाटते. मेलेल्या प्राण्याच्या बरगड्यांत बोटं घालायची, आणि ती चाटायची. लोक एकमेकांसमोर हे करतात.

२६ ऑगस्ट

केतकीला सांगितलं, येत्या रविवारी ये. तिनं विचारलं, इतक्यात? पावसाळा संपला? मी म्हटलं, मी कामं वेळेआधी करतो. (खरं म्हणजे आणखी एक महिना इथे काढणं शक्य नाही. काल उशीखाली गोगलगाय होती.)

ती म्हणाली, "बघ हं. माझ्या पानात असा इलिश पडून बरीच वर्षं झाली, की जो मी केलेला नाही."

हे वाक्य मी दिवसभर म्हणून पाहतोय. तिला माझ्याकडून काहीतरी हवंय. आजवर श्रोत्यांना माझ्याकडून जे हवं होतं ते मी दिलेलं आहे.

३१ ऑगस्ट, सकाळ

योजना तयार. (जिन्यात काकिमांना सांगून ठेवलंय, आज एक बाई जेवायला येणार आहेत, मांजर आवरा.) काटे तिच्यासमोर काढायचेच कशाला? आधीच काढून ठेवायचे. मासा उकडला. टॉर्च आणि नाकातले केस उपटायचा चिमटा घेऊन बसलो. (चिमटा धुतला.) एक काटा काढला की त्याखाली दोन. इलिश हा मासा नसून झाडू आहे, ही गोष्ट कवींनी आमच्यापासून लपवून ठेवली.

दुपार

काटे संपले. मासाही संपला. म्हणजे आहे, पण त्याला आता मासा म्हणता येत नाही. कुणीतरी आधी एकदा खाल्ल्यासारखा दिसतो. मोहरीचं वाटण ओतलं. आणखीच वाईट. पण मी करून दाखवलं. केतकी पुढच्या तासाभरात येईल. भाषणाचे मुद्दे काढलेत.

३१ ऑगस्ट, संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहितो.

केतकी आली. तिनं भांड्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं, आणि हळूच परत ठेवलं. यात कुठला प्राणी आहे, असं विचारलं. मी मुद्दा क्रमांक एकला सुरुवात केली तेवढ्यात दार वाजलं. आई. मागे दादा, दोन्ही हातांत डबे. काकिमांनी सकाळीच फोन करून कळवलं होतं, की बाईमाणूस जेवायला येणार आहे आणि वरून मेलेल्याचा वास येतोय.

आईनं माझं भांडं नुसतं सरकवून बाजूला केलं. डबे उघडले. मोहरीतला इलिश, केळीच्या पानात. जमिनीवर ताटं मांडली, केतकीला बसवलं, मला बसवलं, आणि मी राष्ट्रीय परिस्थितीबद्दल काही बोलणार एवढ्यात तिचा हात माझ्या ताटात गेला. सवयीनं. काटे कडेला, मासा माझ्या भातावर.

केतकीनं पुढे झुकून आईची बोटं पाहिली.

केतकीनं विचारलं, "मासिमा, हे रोजचं?"

आई म्हणाली, "रोज कुठला ग, मासा रोज असतो का घरात?"

दादा बाल्कनी म्हणतात त्या कठड्यावर जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

मी घास खाली ठेवला. खुलासा तयार होता, बऱ्यापैकी लांब. पण आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती केतकीच्या ताटाकडे बघत होती. केतकीचे काटे भराभर निघत होते, हिशेबी, एकटीनं जेवणाऱ्या माणसाचे निघतात तसे. आई म्हणाली, "किती घाई करतेस बाळा. थांब, हात धुऊन नीट बस. मी देते." आणि तिनं केतकीच्या भातावर एक तुकडा ठेवला. बिनकाट्याचा.

केतकीचा हात ताटात तसाच राहिला. मान खाली. मला वाटलं, अपमान झाला, आता उठेल, संपलं सगळं. ती उठली नाही. तो तुकडा खाल्ला. आईनं दुसरा ठेवला, तोही खाल्ला. ती खात राहिली आणि आई काढत राहिली. माझ्या ताटातला पुढचा तुकडा तसाच होता, काट्यांसकट. मी डाळभात खाल्ला.

दारात मी तिला विचारलं, उत्तर काय? ती म्हणाली, "कसलं? अट एक पावसाळ्याची आहे. तू अजून राहतोयस ना?"

नकार नाही. याचा अर्थ होकाराच्या दिशेनं.

७ सप्टेंबर

केतकी आज बागबाजारला जेवायला गेली होती. आईनं बोलावलं होतं. मला दादाकडून कळलं. चांगलं आहे. माझ्या विचारांचा प्रसार माझ्या गैरहजेरीतही होतो आहे.

पंच्याला शेवटी बुरशी आली.

१४ सप्टेंबर

आजही गेली. मी फोन केला, म्हटलं, मीही येतो, तासाभरात पोचेन. बौदीनं उचलला होता. म्हणाली, "असं कसं, ठाकुरपो? तुमचा पावसाळा अजून चालू आहे. केतकीच सांगतेय, त्याला मधेच घरी बोलावलंत तर अट मोडेल." मागून केतकीचं हसणं ऐकू आलं. असं हसताना मी तिला कॉलेजात कधी ऐकलेलं नाही.

आईला फोन दे म्हटलं. बौदी म्हणाली, त्यांना येता येणार नाही, त्यांचे हात माशात आहेत.

मी तिला ठणकावून सांगितलं, की मी इथे अतिशय मजेत आहे. तिनं ते तिथल्या तिथे सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

उद्यापासून शाकाहार. तत्त्व म्हणून. काट्यांचा संबंध नाही.