तळ्याकाठची उंच खाट

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे. जागा झकास आहे. डोंगराच्या माथ्यावर परातीसारखा खोलगट भाग, मधे गोल तळं. वर कड्यावर पाहुण्यांचा बंगला, खाली तळ्याकाठी आमची खोली. हा डोंगर म्हणे कधीकाळी पेटला होता, आता विझलाय. विझला ना, मग झालं. आधीची बाई काम सोडून गेली म्हणे, म्हणून जागा रिकामी झाली. काम दोनच. बंगल्याच्या चादरी धुवायच्या आणि रोज सकाळी तळ्यातल्या खांबावरचा पाण्याचा आकडा या वहीत लिहायचा. चौथीपर्यंत शिकले ते आज कामी आलं. आकड्याखाली जागा उरते, तिथे मी माझं लिहीन. कोण वाचतंय.

सासूबाईंना चौघांनी उचलून आणलं. कंबरेखालून गेलीय म्हातारी, तोंड मात्र ठणठणीत. म्हणाल्या, मरायला जागा चांगली शोधलीस. म्हटलं, तुमच्या पसंतीचीच बघितली.

५ तारीख, बुधवार
या खोलीत सगळं उंचावर. सामानाला छताखाली दोन फळ्यांचा माळा, त्याला शिडी. खाट तर माझ्या छातीला लागते. बंगल्याचा माळी म्हणाला, इथे खाली झोपत नाहीत. का, विचारलं तर मॅनेजर मधेच बोलला की झाडायला सोपं जातं. माळ्याने मान खाली घातली. चार वेळा म्हातारीला त्या मचाणावर चढवून माझी कंबर गेली. दुपारी माळ्याकडून करवत आणली आणि खाटेचे चारही पाय वीतभर ठेवून कापले. सासूबाई म्हणाल्या, आता तिरडीच बांध, काम वाचेल.

९ तारीख, रविवार
तळ्याला बारीक बुडबुडे येतात, सोड्याच्या बाटलीसारखे. मॅनेजर म्हणतो पाहुण्यांना आवडतं.

म्हातारीचं रोज सकाळी एकच. छातीवर कुणीतरी बसतं, श्वास पुरत नाही, तोंड आंबट होतं. म्हटलं, तीस वर्षं तुम्ही माझ्या छातीवर बसलात, मी कुणाला सांगायला गेले? दहाला वारा सुटला की बरी होते. नखरे.

१२ तारीख, बुधवार
आमच्या सहाच्या सहा कोंबड्या मेल्या. रक्ताचा थेंब नाही, पीस विस्कटलेलं नाही. खुराड्यात झोपल्यासारख्या. उचलायला वाकले तर मलाच अंधारी आली.

माळी आला. मला खोलीत नेऊन काडी ओढली आणि पेटती खाली नेली. जमिनीपासून वीतभरावर आली आणि विझली, पाण्यात बुडवावी तशी. दार बंद होतं, वाऱ्याची झुळूक नव्हती. मग म्हणाला, तळ्यातून वायू निघतो. दिसत नाही, जड असतो, खोलगट जागेत पाण्यासारखा साचतो. गार, वारा पडलेल्या सकाळी जास्त. ऊन आलं, वारा सुटला की जातो. आधीची बाई काम सोडून गेली नव्हती. उकडतंय म्हणून एकदा जमिनीवर आडवी झाली, एवढंच.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि करवत यानेच दिली होती. विचारलं, तर म्हणे मॅनेजरने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पोटाचा प्रश्न आहे. त्याच्या पोटासाठी म्हातारीची छाती.

धुण्याचे दगड रचून खाट पुन्हा वर केली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ तारीख, शुक्रवार
मॅनेजरकडे गेले. कड्यावरची एक खोली द्या म्हटलं, कोठीची चालेल. म्हणाला, वायू-बियू काही नाही, कोंबड्यांना रोग आला असेल. कामवाल्यांना वर राहायची परवानगी नाही. पाहुण्यांच्या कानावर घातलंस तर दोघींना रस्त्यावर काढीन. बोलताना गच्चीत उभा होता.

आज काडी गुडघ्याला विझली.

१६ तारीख, रविवार
मांडीला.

दुपारी वाऱ्यात म्हातारीला पाठीवर घेऊन निघाले. दहा पावलांवर पडले, गुडघा सुजला. वाटही अशी, की वर चढायला आधी घळीत उतरावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, मला ठेव आणि तू जा. म्हटलं, एवढ्या सोप्यात सुटका नाही तुमची.

माळी म्हणाला दोन माणसं आणतो, खाटेसकट उचलू. पण पाहुणे उठायच्या आत, नाहीतर मॅनेजर सोडायचा नाही. मी म्हटलं, वारा सुटल्यावर या. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

१७ तारीख, सकाळ
ढग खाली आलेत. पान हलत नाही. तळं लाल झालंय, मधोमध उकळतंय. आवाज नाही.

खिडकीतून घळ दिसते. माळी आणि दोघं जण आलेत. बसलेत वाटेत —

बसलेले नाहीत.

हाका मारल्या. वर गच्चीत मॅनेजर होता. बघितलं त्याने. आत गेला. थोड्या वेळाने जीपचा आवाज, लांब जाणारा.

तीच सकाळ
काडी खाटेच्या वर विझली. म्हातारीला चादरीत बांधून छताखालच्या माळ्यावर ओढली. कशी ओढली ते माझं मला ठाऊक. दोनच फळ्या आहेत. मी पाय ठेवला तर फळी करकरली. मी शिडीवर.

काड्यांची पेटी त्यांच्याकडे दिलीय. त्या ओढतात, सांगतात. त्यांच्यापाशी जळते. हात खाली करून माझ्यापाशी धरली —

नाही.

डोकं जड. आंबट. सासूबाई म्हणतायत वर ये भवाने, मोडली फळी तर दोघी पडू. मी म्हटलं, थांबा, बघू दे. बाहेर दोरीवर चादरी वाळत आहेत. वारा आला की त्या आधी हलतील. तेवढंच बघायचं. ऊन कड्यावर आलंय. थोडंच —

त्या विचारतायत, हलली का. हलली का गं. इतक्या हळू कधी बोलल्या नव्हत्या.

शेवटच्या चादरीचं टोक — हललं बहुतेक. नीट दिसत नाही. त्यांना सांगते, हल