टॅन्झलीचं एकच वाक्य

१४ सप्टेंबर, रविवार

करणार! सरलाकाकू काहीही म्हणोत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, मी विल्फ टॅन्झली करणार. एकटा. मराठीतून.

मंडळाचे कार्यक्रम काकू ठरवतात. "कोण रे हा टॅन्झली? आपल्यातला कुणी नाही मिळाला तुला?" म्हटलं, काकू, इंग्लंडमधला नट आहे. टीव्हीवर अकरा वर्षं एकच भूमिका — 'पार्शल सी व्ह्यू' नावाची विनोदी मालिका, त्यात समुद्रकाठच्या पडीक लॉजचा मालक. मग चार सिनेमे. एकात पोस्टमन, एकात प्रेत...

"प्रेत? दिवाळीत?"

शेवटी बारा मिनिटं मिळाली. मुलांच्या नाचानंतर, जेवणाआधी. "तेराव्या मिनिटाला मी पुऱ्या बाहेर आणणार हां, मल्हार!"

आणा!

१७ सप्टेंबर

बाबा अजून बोलत नाही माझ्याशी. जूनपासून. जे काही ते आईमार्फत. आज जेवताना तिला म्हणाला, "विचार त्याला, कॉलेज सोडलं ते सोंगं करायला का?" मी समोर बसलो होतो! ताट तसंच ठेवून उठलो. मूर्खपणा. नंतर सपाटून भूक लागली.

टॅन्झलीनंही दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. सरांशी भांडून. सेम टू सेम. फक्त त्याच्या कॉलेजात वैदेही नव्हती. माझी अजून तिकडेच आहे, ग्रोनिंगनला, इथून गाडीनं दोन तास.

२१ सप्टेंबर

वैदेहीला फोनवर करून दाखवलं. ही मालिका पहिल्यांदा तिच्याच खोलीत पाहिली होती, तिच्या लॅपटॉपवर, एका पांघरुणात. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी म्हणाली होती, "एक गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव, मल्हार. मग बोलू." म्हणून हे बारा मिनिटांचं. दुसरं काही कारण नाही. उगाच कशाला खोटं लिहू!

तर ते वाक्य. प्रत्येक भागात लॉजवाल्याची बायको बॅग भरून दारात उभी राहते. निघालेच म्हणते. तो म्हणतो, "वुई'ल मॅनेज, लव्ह." ती बॅग खाली ठेवते. अकरा वर्षं! लोक वेडे व्हायचे त्या वाक्यावर.

मी दणक्यात म्हटलं, "आम्ही बघून घेऊ!"

वैदेही इतकी हसली की फोन पडला तिच्या हातातून. "अरे, तो बायकोला धीर देतोय की सासऱ्याला दम? आम्ही काय! तिला धरून बोलतोय ना तो? आपण. बघू गं आपण. — तुला ना, सगळ्यात आधी भांडणच ऐकू येतं."

चिडलो. पण बरोबर आहे. वहीत खोडून 'आपण' लिहिलं. दोनदा गिरवलं.

३ ऑक्टोबर

कामावर, विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पच्या गोदामात खोकी लावता लावता पाठांतर. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान. आवाज आपोआप मोठा होतोय. चांगलंच आहे!

मालिका संपल्यावर टॅन्झलीला सहा वर्षं कुणी बोलावलं नाही. पलंगांच्या दुकानात विक्रेता म्हणून उभा राहिला. गिऱ्हाईकं म्हणायची, ते वाक्य म्हणा ना! तो म्हणायचा. दर वेळी, नीट, पहिल्यांदा म्हणत असल्यासारखं. आधी मला त्याचा राग यायचा — एवढं कशाला लाचार व्हायचं? आता वाटतं, दम लागतो त्याला. तो भाग ठेवणारच. काकूंनी कापला तरी ठेवणार.

१२ ऑक्टोबर

वैदेहीचा मेसेज. "आम्ही येऊ २५ला."

आम्ही!

आम्ही कोण? फरक तिनंच शिकवला ना मला? म्हणजे मी सोडून कुणीतरी. तो लॅबमधला कुणाल असणार. लिहिलं — "आम्ही म्हणजे कोण? दोन खुर्च्या चिकटून ठेवायला सांगू का?" आणि पाठवला. पाठवला!!

१३ ऑक्टोबर

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर

नाही तर नाही. मी करणारच आहे. तिच्यासाठी नाही.

तिच्यासाठीच. पण ती नाही आली तरी करणार. आईनं जुनी चामड्याची बॅग काढून दिली. हँडल तुटलंय, सुतळीनं बांधलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

झालं!!

पडद्याआडून पाहिलं तर वैदेही आत येत होती. आणि मागे — बाबा! स्टेशनवरून थेट आमच्या घरी गेली होती ती. आई पडद्यामागे येऊन सांगत होती, "'काका, चला, आपण जाऊन बसू नुसतं,' म्हणाली, आणि हा उठला की!" म्हणजे ती दोघं. ते 'आम्ही'. आणि मी काय लिहिलं होतं! जमिनीत जावंसं वाटलं. तेवढ्यात काकू ओरडल्या, "मल्हार, चल!"

प्रेताच्या वेळी पुढच्या रांगेतलं एक पोरगं डचमध्ये बोंबललं, हा श्वास घेतोय! सगळा हॉल फुटला. मी एक डोळा उघडून म्हटलं, "घेऊ दे रे. याचे पैसे देतात मला." ते माझं नव्हतंच लिहिलेलं! आलं आपोआप.

मग बॅग. बायकोच्या जागी रिकामी खुर्ची. "बघू गं आपण." कुणी हसलं नाही. दारात काकू पुऱ्यांचं ताट घेऊन तशाच उभ्या. चौदा मिनिटं झाली होती.

बाबा जवळ आला. "प्रेत चांगलं केलंस." मला! आईला नाही, मला.

वैदेहीला मेसेजबद्दल सॉरी म्हटलं. "सोड रे," म्हणाली. ती आज आमच्याकडेच राहतेय, उद्या अकराला निघणार. मी सोडायला जातोय. करून दाखवलं शेवटपर्यंत. आता बोलणार. उद्याच!

२६ ऑक्टोबर

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली आज. एक तास जास्तीचा मिळाला. नको होता.

आमचं डीमन स्टेशन. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. 'आपण' म्हणाली. आमच्या दोघांसाठी, किती महिन्यांनी.

"आपण थांबूया, मल्हार. काल तू खरंच छान केलंस. म्हणूनच आज सांगतेय. पडला असतास तर नसतं सांगवलं."

बॅग तिनं खाली ठेवली नाही.

गाडी गेली. मोकळ्या प्लॅटफॉर्मवर मोठ्यानं म्हणून पाहिलं —

बघेन माझं मी.