कोऱ्या तारखेचा हुतात्मा

४ मार्च, सकाळ
शाळेत शेवटच्या तासाला, कविता चालू असताना, मागच्या छावणीतून बिगुल वाजायचा. साठ वर्षं झाली, अजून कानात आहे. हल्लीच्या लोकांच्या कानात नुसत्या वायरी.
संकल्प : लष्करी दफनभूमीतल्या सैनिकांचा इतिहास लिहिणे. रोज दहा थडगी.

५ मार्च
एक थडगं. गुडघे.

७ मार्च
सापडला! सहावी रांग. दगडावर नाव, हुद्दा बिगुलर, जन्मसाल. मृत्यूची तारीख कोरी! म्हणजे एकाहत्तरच्या युद्धात रणांगणावर बेपत्ता. खाली पत्नीचं नाव. ती गेली सहा वर्षांपूर्वी. विरहाने. विरहाला सत्तेचाळीस वर्षं लागली, एवढंच.
माळी म्हणायला लागला, अहो साहेब, ते बिगुलर ना, ते... मी तिथेच थांबवला. खुरपं धरणाऱ्याने इतिहासात तोंड घालू नये.

९ मार्च
दफनभूमीच्या ऑफिसात गेलो. क्लार्कबाई म्हणाल्या, फॉर्म भरा, आठवड्याने रेकॉर्ड बघायला मिळेल. फॉर्म भरून का कुठे इतिहास लिहितात? उठून आलो.
सूनबाई म्हणे, बाबा, घरच्यांचा नंबर काढून एक फोन तरी करा. म्हटलं, हुतात्म्याला फोन? तिला वाङ्मयाचं अंग नाही.

१२ मार्च
लेख पूर्ण. शेवटी भुजंगप्रयातात आठ ओळी. बिगुलरला ‘मृदुभाषी’ हे विशेषण निव्वळ अंतःप्रेरणेने सुचलं.
ही म्हणाली, चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईने ‘पुरावा?’ लिहीत होतात, आता तुमचा पुरावा कुठाय? इतकी वर्षं शिकवूनही माझं नाव एकदाही छापून आलं नाही, ते हिला कुठे टोचतंय!
संपादक माझाच विद्यार्थी. वृत्तात कच्चा, पण छापतो म्हणाला.

१७ मार्च, रविवार, सकाळ
छापून आलं! फोटोसकट! संध्याकाळी पाचला थडग्यापाशी जाहीर वाचन. माळ्याला मुद्दाम पुढे बसवणार.

१७ मार्च, दुपार
बेल वाजली. दारात एक ताठ म्हातारा, काखेत आजचा पेपर. म्हणाला, बिगुलर मीच. बायको गेली तेव्हा दोघांचीही नावं एकदमच कोरून घेतली, दगडवाल्याच्या खेपा वाचवायला. मी कधी गेलो ती तारीख मास्तरांकडून घ्यायला आलोय. आणि माझी बायको विरहाने गेली म्हणे? एक दिवस मला नजरेआड होऊ दिलं नाही तिने! कुठाय तो गाढव?
सूनबाईने त्यांना बसवलंय. मी आतल्या खोलीत आहे. कडी लावली आहे.
‘मृदुभाषी’ काढावं लागेल.