लालीची सोय

१७ नोव्हें. ९१, रवि.
दादाने आज तोंड उघडलं. मागच्या अंगणात दोन खोल्या काढायच्या, तेव्हा घोडी हलवा. वहिनी आत भांडी आपटत होती, म्हणजे आधीच ठरलेलं. गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून आबांना लालीवर बसता येत नाही, तरी सकाळचा खरारा तेच करतात, काठी भिंतीला टेकवून. दादा म्हणे, विकून टाका. म्हटलं, म्हातारी घोडी घेतो कोण? आणि घेतलीच तर टांग्याला जुंपून मारेल.
शेवटी तबेला शोधायचं माझ्याच गळ्यात. ह्या घरात गळा मला एकटीलाच आहे!

२१ नोव्हें.
शाळा सुटल्यावर आबांना रिक्षात घालून मेहरूण. वरातीच्या घोड्या ठेवणारे भिकाभाऊ. "ताई, घरच्यासारखी ठेवू," दहादा म्हणाले. आबांची रीत निराळी. मालकाशी बोलायचंच नाही. सरळ रिकाम्या ठाणात शिरले आणि खाली बसले! घोडी उभी राहणार तिथं आपण आधी बसून बघायचं. उठवायला मी आणि भिकाभाऊ, दोघं लागलो. धोतर ओलं.
"घोडीना पाय सडी जातीन."
झालं, संपलं. मला जागा पसंत होती, जवळ म्हणून. आबांना रोज जाता आलं असतं. पण भिकाभाऊ तिला वरातीत नाचायला शिकवणार म्हणे. ह्या वयात! चुलीत गेलं ते.

२४ नोव्हें., रवि.
भुसावळ. फुकट खेप. पत्रे इतके खाली की लालीने मान वर केली की कपाळमोक्ष. आबा बसलेसुद्धा नाहीत.

१ डिसें., रवि.
धुळे, एस.टी.ने. हायवेला लागून एका रिटायर्ड सुभेदारांचा तबेला. मुलं घोडेस्वारी शिकायला येतात, बाहेरच्यांचे घोडेही सांभाळतात. आबा ठाणात बसले. सुभेदार हसले नाहीत, शेजारी बसले. दोघांचं खूरपुराण सुरू. धोतर कोरडं. मी उन्हात ताटकळत.
येताना बसमध्ये आबा : "तठेच. बठ्ठं चांगलं शे."
"पण आबा, तुम्हाला रोज कसं जमणार?"


८ डिसें., रवि.
लालीला पोचवलं. टेम्पोत चढेना. आबांनी तिच्या डोळ्यांवर पंचा टाकला, बोलत बोलत पुढे झाले, तेव्हा गेली. धुळ्यात तोबरा लावल्याबरोबर चंदी खाल्ली. जीव भांड्यात पडला.
बसची वेळ झाली. आबा उठेनात. सुभेदारांना म्हणतात, "मनी बी खाट टाक आठे."
मी भडकलेच. लोकांसमोर काय हे! घर नाही का आपल्याला?
"पडवी बी पाडी राह्यना ना तो."
आबांची खाट पडवीत. दादा पडवीबद्दल मला बोलला नव्हता. त्यांना बोलला असणार.
सुभेदार म्हणाले, राहू द्या आठ दिवस, मलाही सोबत होईल. एकटी परत आले. बसमध्ये रडू आवरेना.

९ डिसें.
सकाळीच गवंडी हजर. दादाने विचारलं, आबा कुठेत. सांगितलं. मग म्हणाला, "रविवारी जाऊन घेऊन ये."
"आणते. झोपवायचं कुठे ते सांग."
वहिनीकडे बघितलं त्याने. बाहेरून गवंडी हाका मारत होता, पडवीपासून सुरुवात करू का म्हणून.