स्थळप्रत

॥ श्री ॥
विश्रांतवाडी, पुणे
६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
नम्रताचा सा. न. वि. वि.

पुण्यातल्या पुण्यात पत्र टाकते म्हणून पोस्टातल्या बाई हसल्या. त्यांना काय सांगणार, की माझ्या सासऱ्यांना फोनवर ऐकू येत नाही, कानाचं मशीन त्यांनी कपाटात जपून ठेवलंय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मजकुराला ते कागद मानत नाहीत! बिबवेवाडीला येऊनच सांगणार होते. पण बोलायला बसले की मला रडू येईल आणि तुम्ही उठून चहा ठेवायला जाल. म्हणून लिहिते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅनडाच्या व्हिसा कार्यालयाची ई-मेल आली. व्हिसाच आला म्हणून आईने मी उघडायच्या आधीच देवापुढे साखर ठेवली. आला नाही. आमोदने गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये वर्क परमिटचा फॉर्म भरला, त्यात 'अविवाहित' लिहिलंय. आणि मी यंदा जूनमध्ये त्याची बायको म्हणून अर्ज केला, त्याला जोडलेलं नोंदणी विवाहाचं प्रमाणपत्र १२ जुलै २०२४ चं. म्हणजे लग्न झालेलं असताना त्याने ते लपवलं, असं त्यांना दिसतंय. खोटी माहिती दिली असं का धरू नये, ते तीस दिवसांत लेखी कळवा म्हणतात. २ नोव्हेंबर शेवटची तारीख. उत्तर पटलं नाही तर मला पाच वर्षं तिकडचं दार बंद, आणि आमोदचं परमिटही धोक्यात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमोदच्या आई गेल्या, वर्षभर घरात मंगलकार्य नाही, म्हणून आधी रजिस्ट्रारकडे नोंदणी आणि अक्षता दहा महिन्यांनी, हे त्यांच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? मी तर ऑगस्टमध्येच लॅबमधली नोकरी सोडून बसलेय. दिवसभर मोबाईल हातात.

आईंचा मृत्यूचा दाखला, नोंदणीची पावती आणि मे महिन्यातल्या लग्नाची पत्रिका पाठवाल का? आणि बाबा, आमोदने असं का लिहिलं असेल? तो नुसतं 'माझी चूक' म्हणतो आणि विषय बदलतो. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.

तब्येतीला जपा. तुमचा लोभ अधूनमधून पत्रातही दिसू द्यावा, एवढंच मागणं.

तुमची,
नम्रता

बिबवेवाडी, पुणे
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नम्रता हिस अ. उ. आ.

तुझे ६ तारखेचे पत्र काल पोहोचले. विश्रांतवाडी ते बिबवेवाडी, दोन दिवस. पायी आले असावे.

मागितलेले तिन्ही कागद सोबत आहेत. मूळ प्रती आहेत, चहाचा कप ठेवू नये. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कागदच सांभाळले. आलेले पत्र आवक, गेलेले पत्र जावक, आणि प्रत्येक जावक पत्राची एक स्थळप्रत आपल्याच फाईलला. लिहिणाऱ्याकडे प्रत राहिली नाही तर उद्या तो लिहिलेले नाकबूल करतो. घरातही मी तोच नियम ठेवला. तुझ्या सासूबाई म्हणत, की हे मुलाला पत्र पाठवतात की नोटीस. या पत्राचीही कार्बन प्रत ठेवली आहे.

आमोदने तसे का लिहिले, हे त्यालाच विचारणे इष्ट. तीस वर्षांचा आहे.

कानाचे यंत्र जपून ठेवलेले नाही. त्यातून फक्त वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येतो, म्हणून ठेवून दिले आहे. बाकी ठीक. दोन दिवस जेवण जात नाही, हवा बदलली आहे.

लोभ आहे, तो पत्रात दाखवण्याची सवय नाही.

श्रीधर यांचे आशीर्वाद

विश्रांतवाडी
१५ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

कागद मिळाले. चहाचा कप लांबच ठेवलाय.

आमचा सल्लागार योगेश म्हणतो, की खरं-खोटं करत बसू नका. स्क्रीनवर यादी येते, त्यात चुकून खालचा पर्याय दाबला गेला, असं दोघांनी लिहून द्या. आमोद तयार आहे. पण बाबा, मी तो जुना फॉर्म वाचलाय. त्यात तीन ठिकाणी 'अविवाहित' आहे. तीनदा बोट घसरतं का? आमच्या अण्णांना हे मुळीच पटलेलं नाही. कारखान्यात मशीन बिघडली तर बिघडली म्हणून सांगायचं, वरून रंग मारायचा नाही, असं ते दोन दिवस जो भेटेल त्याला ऐकवतायत. आई म्हणते, पोरीचा संसार आहे, मशीन नव्हे.

खरं सांगू का? मला आता व्हिसापेक्षा दुसरीच भीती वाटते. रविवारी मी आमोदला विचारलं, की तेव्हा तू मला बायको मानत नव्हतास का. तो आधी तिकडच्या थंडीचं सांगू लागला. मग म्हणाला, तसं काही नाही, पण कारण विचारू नकोस. कारण विचारू नकोस! १२ जुलैला रजिस्ट्रारसमोर मी हिरवी साडी नेसून सही केली. दारात उभं राहून आपण फोटो काढला, तुम्हीही होतात. आणि अडीच महिन्यांच्या आत हा माणूस तीन-तीनदा लिहितो, की माझं लग्न झालेलं नाही. पाच वर्षं दार बंद झालं तर सोसेन मी. पण ज्याच्याकडे जायचं त्यालाच मी नको होते का, हे कोणाला विचारू?

योगेशचं ऑफिस दिवाळीत बंद आहे. २४ तारखेला उघडलं, की त्याने लिहिलेल्या खुलाशावर मी सही करणार. दुसरं काय आहे माझ्या हातात?

दिवाळीचा फराळ पाठवते. लोभ असेल तर संपवा.

नम्रता

बिबवेवाडी
१८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नम्रता हिस अ. उ. आ.

त्या खुलाशावर सही करू नकोस.

हे पत्र पोस्टाच्या सुट्ट्यांत अडकेल, म्हणून रिक्षाने स्वतः आणून तुमच्या वॉचमनकडे देत आहे. वर येण्याचे धैर्य नाही.

'अविवाहित' हा शब्द आमोदचा नाही, माझा आहे. तो तेव्हा बंगळूरला होता. फोन मला ऐकू येत नाही, म्हणून फॉर्मात काय लिहू हे त्याने पत्राने विचारले आणि मी पत्राने उत्तर दिले. त्या उत्तराची स्थळप्रत आणि त्यावर आलेले त्याचे पत्र सोबत जोडले आहे. तो शब्द माझ्या सल्ल्यावरून लिहिला गेला, असे प्रतिज्ञापत्र काल नोटरीसमोर केले, तेही आहे. तुमच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. साक्षीदाराने दोन महिन्यांत साक्ष फिरवली, असे त्या साहेबाला खुशाल वाटू दे. ते खरेच आहे.

आता अवघड भाग. माझ्या त्या पत्रात दुसरा परिच्छेद तुझ्याविषयी आहे. तो झाकून झेरॉक्स काढावी म्हणून मापाचा कोरा कागद कापून दुकानापर्यंत गेलो होतो. पण झाकून काढलेल्या प्रतीवर 'खरी नक्कल' असे लिहिता येत नाही. नोकरीत कधी लिहिले नाही, सुनेच्या कागदावर कसे लिहू? म्हणून पूर्ण देत आहे. ते वाचू नकोस असेही म्हणत नाही. वाचल्याशिवाय तुला ते वापरता यायचे नाही.

पहिल्या दिवशीच हे सांगायला हवे होते. 'आमोदला विचारणे इष्ट' असे लिहिले. ती माझी भित्रेपणाची ओळ आहे.

लोभ असावा, असे लिहिण्याचा आज मला अधिकार नाही.

श्रीधर

(सोबतचा कागद पहिला)
पुणे, ९ सप्टेंबर २०२४

चि. आमोद यास अ. उ. आ.

तुझा प्रश्न: विवाहित की अविवाहित. अविवाहित लिही. नोंदणी ही सरकारी सोय आहे. अक्षता पडल्याशिवाय आपल्यात लग्न झाले असे कोणी म्हणत नाही. जे झाले नाही ते कागदावर लिहू नये.

दुसरे, मनात आहे ते लिहितो. परदेशी गेल्यावर माणसाला स्वतःची किंमत कळते. विश्रांतवाडीच्या फिटरची मुलगी तुझ्या आईला पसंत होती, मला नव्हती, आणि आई आता नाही. वर्ष संपेपर्यंत तू मोकळा आहेस. तुझे मन बदलले तर मला नवल वाटणार नाही, दुःखही होणार नाही.

श्रीधर

(सोबतचा कागद दुसरा)
बंगळूर, १६ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फॉर्म तुम्ही सांगितला तसा भरला. कागदाच्या बाबतीत तुम्ही चुकल्याचं मला आठवत नाही.

दुसरा परिच्छेद मी वाचला नाही असं धरतो. नम्रता माझी बायको आहे. मेमध्ये समारंभ झाला, की लगेच तिचा अर्ज करायचाय, त्याला काय कागद लागतील ते तुम्हीच बघून ठेवा. तुम्ही जे लिहिलंत ते तिला कधीही कळणार नाही, एवढी काळजी मी घेईन. तिला याच घरात यायचंय.

आमोद

विश्रांतवाडी
३० ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
नमस्कार.

उत्तर काल पाठवलं. योगेश चिडला, म्हणून त्याच्याशिवाय पाठवलं. खुलासा आमोदने आणि मी मिळून लिहिला, जसं झालं तसा.

तुमच्या पत्राचं इंग्रजी भाषांतर राधाताईंकडून करून घेतलं. त्या शपथेवर भाषांतरं करतात. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, की दुसरा परिच्छेद गाळू का, मुद्द्याशी त्याचा संबंध नाही. मी म्हटलं, सगळं घ्या. बनावट पुरावा करणारा माणूस स्वतःच्या सुनेबद्दल असं लिहून ठेवणार नाही, हे साहेबालाही कळेल. म्हणजे मला कमी लेखणारी तुमची ओळच माझ्या कामाला येणार. ती इंग्रजीत वाचताना जास्त लागली.

आमोदला फोन केला. तो तेरा महिने गप्प बसला, तुमची लाज राखायला आणि माझं मन राखायला, आणि मी त्याच्यावर काय काय आळ घेतले! त्याला बायको मी हवी होते, हे मला तुमच्या फाईलमधून कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे की नाही, ठरवलेलं नाही.

अण्णांना तो परिच्छेद वाचून दाखवलेला नाही. चूक तुमची होती आणि तुम्ही ती लिहून दिलीत, एवढंच त्यांना ठाऊक आहे. व्याही सरळ माणूस आहे, असं ते सगळ्यांना सांगतात. तो गैरसमज मी राहू दिलाय.

वॉचमनकाका म्हणाले, आजोबा अर्धा तास गेटपाशी उभे होते. मी खूप रागावलेय. फराळाचा डबा भरून तयार होता, तो पाठवला नाही. मुद्दाम.

कळावे.

नम्रता

विश्रांतवाडी
८ जानेवारी २०२६

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मिळाला! आज सकाळी ई-मेल आली. खुलासा मान्य आहे, एवढी एकच ओळ, आणि पुढे पासपोर्ट कुठे जमा करायचा ते.   आई रडली, अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. तिकीट २७ तारखेचं बघतोय.

राग अजून आहे थोडा. पण सोबत न्यावा एवढा नाही, सामानाला वजनाची मर्यादा असते. एकच मागते. त्या ९ सप्टेंबरच्या पत्राची स्थळप्रत फाडून टाका. मी गेल्यावर ती फाईल तुमच्या कपाटात असेल आणि तुम्ही एकटे असाल, हे मला बरं वाटत नाही.

लोभ आहे. तुमच्याकडे शिल्लक असेल तर कळवा.

तुमची,
नम्रता

बिबवेवाडी
११ जानेवारी २०२६

चि. नम्रता, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले. नंतर पुन्हा वाचले. शेजारच्यांना पेढे दिले तेव्हा त्यांनी निमित्त विचारले. माझी सून निघाली, असे सांगताना आवाज बसला. हवा बदललेली नाही, उगाच कारण देत नाही.

तो कागद फाडणार नाही. दप्तरातला कागद आपल्याला गैरसोयीचा झाला म्हणून काढता येत नाही. मी ते लिहिले होते, हे मला दिसत राहिले पाहिजे. तू काळजी करू नकोस, त्याच्यावर आता तुझी चारही पत्रे लावली आहेत. फाईल उघडली की आधी तूच रागावतेस.

बुधवारी तुझी पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने तुझ्या सासूबाईंनी हौसेने घरी केले असते. मी दुकानातून आणले. दुकानदाराने बांगड्यांचे माप विचारले, ते मला सांगता आले नाही. सुनेच्या हाताचे माप माहीत नाही आणि तिची किंमत मात्र ठरवून बसलो होतो, याची दुकानात उभ्या उभ्या लाज वाटली. माझे चुकले, नम्रता. फार चुकले. तुझ्या सासूबाईंना माणूस कळले होते.

बुधवारी सकाळी येतो. कानाचे यंत्र घालून येतो आणि या वेळी वॉचमनकडे काही देणार नाही, वर येईन. उत्तरेश्वररावांपाशी, तुझ्या अण्णांपाशी, बसून तो परिच्छेद मीच त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यांचा गैरसमज तू राहू दिलास, तो मोठेपणा तुझा. तो मला वापरता येणार नाही. त्यानंतर त्यांनी चहा विचारला तर घेईन.

लोभ असू दे. मागतो आहे.

तुझा,
बाबा

ता. क. या पत्राची स्थळप्रत ठेवलेली नाही. यातले काही मी नाकबूल करणार नाही.