ताईचं गाणं आणि हे नवं सॉफ्टवेअर

३ मार्च, मंगळवार

जुना कॉम्प्युटर गेला. बारा वर्षांचं माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याबरोबरच गेलं. भाची – ताईची मुलगी – ऑफिस सुटल्यावर येऊन नवं घालून गेली. "मामा, यात चारशे वाद्यं आहेत!" चारशे! मला एक पियानो धड सापडेना. उघडल्याबरोबर विचारतंय – आज काय घडवणार? डोंबल!

४ मार्च

कॉम्प्युटरला जोडलेल्या वाजवायच्या कीबोर्डची कळ दाबली की सूर सवडीने येतो, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा. मी 'सा' सोडून 'रे'वर पोचलो, तेव्हा कुठे 'सा' उगवला. भाचीला फोन. "बफर कमी करा, मामा – आवाज आधी साठतो ती जागा." केला. आता सूर वेळेवर, पण तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतड! म्हणजे एक तर उशीर, नाहीतर फोडणी. याला प्रगती म्हणायचं.

५ मार्च

आज त्याचं तोंडही पाहिलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

व्हायोलिनं उघडली. साठ वादक बसवून एकेक सूर टिपलाय म्हणे. साठही जण पेंगत असावेत. हळू दाबलं तर कुजबुज, जोरात दाबलं तर किंचाळी. मधलं काही नाहीच!

ताईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली – तेरा. गळ्यात गाठ आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बोलणं परत येईल, गाण्याचं धरून चालू नका. घरी आल्यावर चहाचा कप ठेवत म्हणाली, "माझं ते गाणं तेवढं करून ठेवू या रे." आयुष्यात तिने स्वतः बांधलेलं एकच गाणं. आजवर ते आम्हा दोघांतच राहिलं.

हो म्हटलं. मग तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, ते सोपं होतं.

७ मार्च

म्हटलं, आधी तू गा, मी मागाहून वाजवीन. "छे! तू समोर बसून वाजव, तरच गाईन. भिंतीकडे बघून गायला मी काय वेडी आहे?" शिवाय डॉक्टरांची ताकीद – गळ्याला ताण नको. म्हणजे ती एकदाच गाणार. सराव मी एकट्याने करायचा, या टिनपाटाबरोबर.

९ मार्च, सोमवार

तडतड नको म्हणून उशीर पत्करला. कळ जरा आधी दाबायची सवय केली. तीन तास! कानाला अगदी बरोबर. परत लावून ऐकतो तर सगळं तालाच्या पुढे पळालेलं. हा चावट, मी कळ कधी दाबली ते लिहून ठेवतो, मला ऐकू कधी आलं ते नाही! चाळीस वर्षं हातात ताल आहे माझ्या, आणि हा मला खोटं पाडणार.

१० मार्च

जमलं! व्हायोलिनं-बियोलिनं सगळी हाकलली, नुसता पियानो ठेवला. ओझं उतरल्यावर उशीरही गेला, तडतडही. चारशेतली तीनशे नव्व्याण्णव बिनकामाची, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, बारा तारखेला मी सुट्टी घेते. तुम्ही वाजवा, मशीनकडे मी बघते." म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून रेकॉर्डिंग करतोय, मला दाई नकोय! "बरं," म्हणाली. आवाज पडला तिचा. पडू दे.

१२ मार्च, गुरुवार

झालं. ताई गायली. दुसऱ्या कडव्यात आवाज खरखरला, तिने तो तसाच वर नेला. अंगावर काटा आला माझ्या. मी एकदाही चुकलो नाही.

संपल्यावर ती घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आल्यावर मिळून ऐकू. तोवर तूही ऐकायचं नाहीस. शपथ?" शपथ घेतली. फाइल ठेवून दिली. स्क्रीनला म्हटलं, बघितलंस ठोंब्या? तुला नाक घासायला लावलं की नाही!

१४ मार्च

काल ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवाला धोका नाही. पण डॉक्टर म्हणाले तेच खरं – गाणं नाही. भाची बाहेरच्या बाकावर बसून रडली. म्हटलं, अगं वेडे, गाणं घरात आहे ना!

२० मार्च, शुक्रवार

ताई घरी आली. अजून बोलायची बंदी. पाटीवर लिहिलं – लाव.

लावलं. ताईने डोळे मिटले. पियानो स्वच्छ, वेळेवर. तिच्या आवाजाची जागा आली. गेली. पियानो एकटाच पुढे चालला.

जुन्यात एकच बटण दाबलं की सगळं टिपलं जायचं. यात प्रत्येकाचं लाल बटण वेगळं. मी माझं दाबलं होतं. तिचं नाही.

बंद करायला हात उचलेना. दुसरं कडवं येईपर्यंत ती डोळे मिटून वाट बघत होती.