म्हणे, सौम्य!

११ जानेवारी २०२२

आज पुन्हा भांडले. भांडणारच! गावची आशाताई झाले म्हणजे काय नुसत्या गोळ्या वाटायच्या?

सावळीरामअण्णांच्या द्राक्षबागेत पेठकडची बावीस मजूर माणसं उतरलीत. निम्मी खोकतायत. मुकादम रोज सकाळी फोडलेला कांदा एकेकाच्या नाकाशी धरतो. वास आला — चल कामाला! मी म्हटलं, अहो, वास जायचा तो गेल्या साली. हा नवा ओमायक्रॉन घसा धरतो, वास राहतो. अण्णा हसले. "ताई, नवा लय सौम्य हाय. आमच्या समर्थला झाला ना! तीन दिवस मोबाईल बघत पडला, चौथ्या दिवशी क्रिकेट." समर्थ म्हणजे त्यांचा कॉलेजातला पुतण्या.

१३ जानेवारी

शेडमधल्या भागीबाई. साठीच्या. ताप नाही, कांद्याचा वास येतो. "घसा दुखतो, बाकी काय नाय," म्हणत क्रेट उचलत होत्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला — ८७! दुसऱ्या बोटाला लावला. तेच.

अण्णा म्हणतात, "मशीन बिघडलं असंल. आज कंटेनर भरायचाय, माणूस हलवू नका."

त्यांच्याच बोटाला लावलं. ९८.

"मशीन धडधाकट आहे, अण्णा! गाडी काढा, नाहीतर मी इथंच बसते. बघू कोण घड तोडतो!" आणि बसले ना बांधावर! पाऊण तास. मुकादम म्हणे, बाई वेडी आहे. असू दे. शेवटी पिकअप निघाली.

१४ जानेवारी

भागीबाई सिव्हिलला, ऑक्सिजनवर. मुलाचा, यादवचा फोन — "ताई, आई बोलते. पेज मागते." बरं वाटलं. लय बरं वाटलं.

१५ जानेवारी

मुकादमाच्या हातातला कांदा हिसकून उसात भिरकावला. आता रोज सकाळी ऑक्सिमीटर, आणि खोकणारा शेडमध्येच. अण्णांनी करावी तक्रार खुशाल.

१७ जानेवारी

भागीबाई गेल्या.

१८ जानेवारी

अण्णा म्हणाले, "वय झालं व्हतं." त्या दिवशी क्रेट उचलायला बरं वय नव्हतं झालं!

राग मावत नाही. मला तर वाटतं, हा समर्थवाला नव्हेच. भागीबाईंना तो जुना झाला असणार, गेल्या साली घरंच्या घरं रिकामी करणारा डेल्टा. सगळ्यांनी सौम्य-सौम्य जप लावला आणि ओळखला कोणीच नाही. समर्थ नि भागीबाई, दोघांचे नमुने व्हेरिएंट बघायला पुढं गेलेत. येऊ दे रिपोर्ट. अण्णांच्या ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचते की नाही बघा!

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. दोघांचाही ओमायक्रॉन. एकच.

समर्थचे दोन डोस झालेले. भागीबाईंचा एकही नाही. ऑक्टोबरात छाटणीला आल्या तेव्हा लसीच्या शिबिराच्या रांगेत उभ्या होत्या. "तुमच्या गावाला घ्या, इथल्या यादीत नाव नाही," म्हणून मीच परत पाठवलं.